तंद्रीचा नेम

१ जानेवारी १९८२, शुक्रवार

ही डायरी कोंडाजीशेठनी दिली. शेठ गिऱ्हाइकांना कॅलेंडर देतात आणि डायरी फक्त बरोबरीच्या माणसांना. मला डायरी मिळाली, म्हणजे मी आता त्यांचा नोकर राहिलो नाही.

भांडीबाजारात त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी इतकी वर्षं भांड्यांवर नावं घातली. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, समोर ताट किंवा पातेलं. टक टक करत ठिपक्याला ठिपका जोडत जायचं. नाशकातल्या निम्म्या फडताळांत माझं अक्षर आहे असं मी म्हणतो, तेव्हा लंका म्हणते, "आणि उरलेल्या निम्म्यांत वाचता येण्यासारखं आहे." लंका म्हणजे माझी बायको. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे लोकांचं अक्षर तपासायची तिला सवय.

डायरीत खरं लिहावं म्हणतात, म्हणून लिहितो. मला काम करताना तंद्री लागते. लागली की छिन्नी आपली आपण चालते. चहा गार होतो, कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कोणाला मारली असं वाटतं, आणि मान वर करावी तर ताटांची चळत संपलेली असते. अंगात शीण नसतो, उलट बरं वाटतं. पण ही तंद्री महालहरी. एक दिवस येते आणि मग चार दिवस तोंड दाखवत नाही. न आलेल्या दिवशी मी चहा पितो, छिन्नीला धार लावतो आणि पुन्हा चहा पितो. शेठ म्हणायचे, "गोटीराम, तुझा हात सोन्याचा आहे रे, पण तो रोज दुकानात आणत जा." आता गल्लीच्या तोंडाशी दिवसभर तांबटांची ठोकाठोक. त्या गोंगाटात तंद्री रोज लागणार कशी? आणि तांबटांची सुट्टी असेल त्या दिवशी नेमकी मलाच मरगळ.

शेठ आता विजेवर चालणारं नाव घालायचं मशीन आणताहेत. म्हणाले, "त्यावर बस, पगार देतो. तंद्रीची भानगड नाही. बटण दाबलं की काम चालू." मला फार वाईट वाटलं. मी घरी बसून काम करीन म्हणालो. शेठ म्हणाले, "जयंतीपर्यंत कर. नाही जमलं तर मे महिन्यात मशीनवर ये. तोवर जागा ठेवतो."

इकडे आमच्या वसाहतीच्या मंडळाने सामाईक भांडी घ्यायचं ठरवलं आहे. कोणाचं लग्न, कोणी गेल्यावर पुण्यानुमोदन, दर वेळी भाड्याची भांडी कुठे आणायची? प्रत्येक घर काही ना काही देणार, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव आणि ज्याच्या आठवणीत दिलं त्याचंही. चौदा एप्रिलच्या पंगतीला ही भांडी लागली पाहिजेत. मंडळाचे अध्यक्ष निवृत्तीभाऊ यांनी सगळं काम माझ्यावर सोपवलं. हे वेळेत झालं तर देवळालीच्या आणि शहरातल्या मंडळांचीही कामं येतील. नाही झालं तर मी आणि बटण. तंद्रीला रोज हजर राहायची सवय लावायची, एवढंच करायचं आहे.


३ जानेवारी, रविवार

आज नियम ठरवले. तोंड पूर्वेला. उजव्या हाताशी तांब्याच्या तांब्यात रात्रीचं पाणी, काम सुरू करताना तीन घोट. भिंतीवरचं घड्याळ बंद, कारण त्याची टिकटिक मन खाते. कामाच्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही.

लंका म्हणाली, "मी आठवडाभर सकाळी शाळेत. रविवारी तेवढी घरात असते. म्हणजे हा नियम फक्त माझ्यासाठी."

मी म्हणालो, "कामासाठी."

"बरं," असं ती म्हणाली आणि मग दुपारपर्यंत खुणांनी बोलली. वरण की आमटी हे खुणेनं विचारताना तिने जे हातवारे केले, त्यानं माझी सगळी तंद्री उडाली.

शांतता झाली तेव्हा कळलं की खरी पीडा भिंतीपलीकडे आहे. शेजारच्या खोलीत दिवाळीनंतर सुमनबाई म्हणून राहायला आल्या आहेत. माहेर पेठकडचं. नवरा रेल्वेच्या गँगवर, महिन्यातले बरेच दिवस इगतपुरीकडे. बाई ब्लाउज शिवतात. त्यांचं पायाचं शिलाई मशीन नेमकं आमच्या भिंतीला लागून. मी छिन्नी हातात घेतली की दहा मिनिटांत खडखड खडखड सुरू.


५ जानेवारी, मंगळवार

तंद्री लागली! दुपारचं जेवण चुकलं. मशीन चालू होतं तरी लागली, यावरून तांब्याच्या पाण्यात किती ताकद आहे ते दिसतं.


९ जानेवारी, शनिवार

आठवडा उत्तम गेला. फक्त गुरुवार वाया गेला. त्या दिवशी सुमनबाई बाजारात गेल्या होत्या, मशीन बंद, पूर्ण शांतता, आणि मी असा करंटा की नेमका त्याच दिवशी तांब्यात पाणी भरायला विसरलो.


१७ जानेवारी, रविवार

संक्रांतीला सुमनबाई माहेरी गेल्या होत्या, आज परतल्या. ते चार दिवस शांततेची चैन होती, पण माझ्या हातून काहीच झालं नाही. तिळाचे लाडू जडच. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात लाडू बेतानंच खायचे, हा नवा नियम.


२ फेब्रुवारी, मंगळवार

आज धीर करून शेजारी गेलो. बाई मशीनवरच होत्या. मला पाहून डोक्यावर पदर घेतला आणि पाय थांबवला.

मी म्हणालो, "सुमनबाई, माझं काम बारीक असतं. मशीनच्या आवाजाचा जरा त्रास होतो."

"अगं बाई! लय तरास व्हतोय का दादा? मला तर वाटलं... म्हंजी तुमची टकटक चालू झाली का मंग माझाबी..."

"हो हो, तुम्हालाही त्रास होतच असणार," मी समजुतीनं म्हणालो. "दोघांनाही होतो, म्हणून तर आलो. मशीन मागच्या पडवीत नेता येईल का?"

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "पडवीत उजेड कमी हाय. पर बघते दादा."

बाई समजूतदार आहेत. माझा त्रास त्यांनी लगेच ओळखला.


१४ फेब्रुवारी, रविवार

मशीन अजून भिंतीलाच. पण तंद्री रोज येते, सकाळी नऊच्या सुमारास, नोकरीवर यावी तशी. ताटांची निम्मी थप्पी झाली. निवृत्तीभाऊ येऊन बघून गेले. ते नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, छपाईतला माणूस, सहज कौतुक करणार नाही. एक ताट उजेडात धरून म्हणाले, "गोटीराम, अक्षर जागच्या जागी आहे." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?

मी त्यांना माझे नियम सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग ते तीन घोट पाणी मागून प्याले. मग मी मशीनचा विषय काढला. म्हणालो, एवढी एक अडचण दूर झाली तर काम दुप्पट होईल. ते म्हणाले, "मी बाईंना सांगतो."


२३ फेब्रुवारी, मंगळवार

गेलं एकदाचं मशीन पडवीत! निवृत्तीभाऊंनी आणि मी मिळून उचललं. सुमनबाईंनी चहा केला. मशीन होतं तिथे फरशीवर दोन पट्टे उमटले होते, ते त्या पायाने पुसत होत्या.

आता खरी सुरुवात. घरात टाचणी पडली तर ऐकू येईल.


१ मार्च, सोमवार

तंद्री नाही. पाणी बदललं. आधी विहिरीचं होतं, आता नळाचं.


४ मार्च, गुरुवार

नाही.


८ मार्च, सोमवार

नाही. पूर्वेकडून उन्हाची तिरीप डोळ्यावर येते, म्हणून तोंड उत्तरेला केलं. मग बसायला घोंगडीऐवजी पाट घेतला. पाट टोचतो. दोनदा चहा केला. रस्त्यावर एक माणूस कोंबडी पिशवीत घालून चालला होता, तिचं डोकं बाहेर होतं. तो वळेपर्यंत बघत बसलो.

लंका शाळेतून आली आणि ताटांच्या थप्पीकडे पाहून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिला भीती वाटते आहे. मला त्याहून जास्त. मशीनवर बसेन, पोटाला काही कमी पडणार नाही, ते मला कळतं. पण मग हा हात कशासाठी होता? बटण तर कोणीही दाबेल.


१५ मार्च, सोमवार

आज घात झाला. तो लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

काल मी ठरवलं की तंद्री येत नसेल तर आली आहे असंच धरून चालायचं. डोळे अर्धे मिटायचे, मान जरा कलती, हात भरभर. निवृत्तीभाऊंचं मोठं पातेलं घेतलं. सगळ्यांत महागाची वस्तू, आईच्या आठवणीत दिलेली. मजकूर साधा होता: वर आईचं नाव, 'कालकथित भागीबाई यांच्या स्मरणार्थ', आणि खाली देणाऱ्याचं, 'निवृत्ती यांजकडून'. पण आठवडाभर मी आठवणीतलीच ताटं करत होतो. गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाआधी कालकथित, कालकथित. हाताला तेच वळण पडलेलं. आणि मी डोळे अर्धे मिटून तंद्रीचं सोंग करतोय.

संध्याकाळी निवृत्तीभाऊ सहकुटुंब पातेलं बघायला आले. कुसावहिनींनी मोठ्याने वाचलं, "कालकथित भागीबाई यांच्या स्मरणार्थ, कालकथित निवृत्ती यांजकडून."

कुसावहिनी नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या.

निवृत्तीभाऊ म्हणाले, "हे पेन्शनवाल्यांना दाखवू नका म्हणजे झालं."

मग ते हसायला लागले, वहिनी हसल्या, लंकाला तर हसता हसता उचकी लागली. मी मात्र रडलो. खरंच रडलो. स्टीलवरचा ठोका खोडता येत नाही. भाऊंनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे, अजून महिना आहे. त्या शब्दावर काहीतरी नक्षी घाल, झाकून जाईल. पण हात ठिकाणावर असेल तेव्हाच घाल. आणि गोटीराम, महिनाअखेरपर्यंत वेग आला नाही, तर उरलेली भांडी कोंडाजीच्या मशीनवर द्यावी लागतील. पंगत तर थांबणार नाही."

त्यांचं बरोबरच आहे.


२१ मार्च, रविवार

छिन्नी हातात घेतली नाही. लंकाला म्हणालो, "उद्या शेठना सांगून येतो."

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून आठ-दहा दिवस आहेत ना? आधी नियमांना सुट्टी द्या. मला घरात बोलू द्या."

मग ती बोलत राहिली. शाळेतलं, कोणाचं काय, कोणाचं काय. मला ते ऐकत दोन ताटं करता आली. तंद्री नव्हती, पण बरं वाटलं. बोलता बोलता ती म्हणाली की सुमनबाईंचंही काही खरं नाही. ब्लाउज वेळेवर होत नाहीत, बायका कुरकुर करताहेत. शिवलेलं उसवावं लागतं. खोली सोडून पेठला बहिणीकडे जावं की काय, असा विचार चाललाय.

"पडवीत उजेड कमी आहे," मी म्हणालो.

"उजेडाचं नाही म्हणाली. म्हणाली, तिथे पायच चालत नाही."

बिचाऱ्या. संधिवात असेल.


२८ मार्च, रविवार

आठवडाभर मनाला टोचणी होती. माझ्यासाठी एका बाईनं मशीन हलवलं, तिचा धंदा बसत चालला आणि माझाही काही फायदा नाही. एकाचं तरी भलं होऊ दे. आज आपण होऊन गेलो आणि म्हणालो, "सुमनबाई, मशीन परत आत आणू. उजेडात."

"आन् तुमचा तरास?"

"माझं काय, मी आता मशीनवरच जाणार. शेठच्या."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी तुमी घरी टकटक करनार नाय?"

"भाऊंनी मुदत दिली आहे, तेवढे दोन-तीन दिवस."

मशीन मी आणि लंकानं उचललं. फरशीवरचे दोन पट्टे तसेच होते, त्यावर बरोबर बसलं.


३१ मार्च, बुधवार

काय लिहू! सोमवारी सकाळी बसलो आणि मान वर केली तेव्हा लंका शाळेतून येऊन समोर उभी. म्हणाली, "मी तीनदा हाक मारली." काल तसंच. आज तसंच. भाऊ थप्पी बघून गेले आणि कोंडाजीचं नाव काढलं नाही.

याचं कारण मी शोधून काढलं आहे. शेजाऱ्याचं भलं केलं की मन हलकं होतं आणि हलक्या मनाला तंद्री लवकर लागते. हा नियम सगळ्यांत वर लिहून ठेवला. लंकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "वा!" आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ खोकली.


३ एप्रिल, शनिवार

पातेलं हातात घ्यायचा धीर झाला. दुसऱ्या 'कालकथित' वर पिंपळपानांची वेल काढली. शब्द पानांखाली असा गेला की मलाही शोधावा लागतो. कुसावहिनी म्हणाल्या, "इतकं छान झालंय की आमचं नाव उघडं वाटतं. तिथंही दोन पानं काढा ना." भाऊ म्हणाले, "मला नको, मी अजून आहे. दिसू दे."


९ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी दहाचा सुमार. तंद्री पुरी लागलेली. आणि मध्येच मी बघतो तर माझी हातोडी वर धरलेली, ठोका खाली येतच नाही. हात दुखत नव्हता, अक्षर अडलं नव्हतं. मी नुसता बसलो होतो, कान टवकारून. कशाची तरी वाट बघत.

भिंतीपलीकडे मशीन थांबलं होतं.

थांबेना का, दोरा तुटला असेल, असं म्हणून मी ठोका मारायला गेलो, पण हात खाली येईना. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. बाजारचा गुरुवार. संक्रांत. तेवीस फेब्रुवारीपासूनची ती रखरखीत शांतता. दुकानातले ते तांबट, ज्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. तांब्यातल्या पाण्याकडे बघून मला माझीच लाज वाटली.

मशीन अजून बंदच होतं. मी रिकाम्या ताटावर उगीच दोन ठोके मारले. टक. टक.

लगेच पलीकडे खडखड सुरू झाली. आणि माझी हातोडी खाली आली.

दुपारी मी शेजारी गेलो. विचारलं, "सुमनबाई, सकाळी मशीन का थांबलं होतं?"

"दोरा संपला व्हता दादा. नवा ओवला, आन् बसले वाट बघत."

"कशाची?"

त्या लाजल्या. "तुमच्या टकटकीची. ती आली का माझा पाय आपसूक चालतो. कवा दुपार झाली ते कळत नाय. पडवीत काय ऐकू येईना, मंग शिवन वाकडी जायाची. मी तवाच सांगत व्हते दादा, पर तुमीच म्हनाले का दोघांनाबी तरास व्हतो."

मी त्यांच्या बाजूने ती भिंत बघून घेतली. म्हणालो, "चहा आहे का?"

घरी येऊन लंकाला सांगितलं. ती म्हणाली, "हो का? कमाल आहे." तिच्या तोंडावर नवल कुठेच नव्हतं. तिला कधीपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही.


१५ एप्रिल, गुरुवार

काल पंगत झाली. सगळी भांडी लागली. भात वाढायच्या आधी लोक ताट तिरपं करून नावं वाचत होते. ज्याच्या ताटावर कोणाच्या आजोबांचं नाव आलं, तो त्या घरच्या माणसाला हाक मारून दाखवत होता. मोठ्या पातेल्यात वरण होतं. सुमनबाईंनी मंडळाला एक पळी दिली आहे, त्यावर 'सुमनबाई यांजकडून' एवढंच. ती पळी त्यांनी स्वतःच हातात घेतली आणि शेवटच्या माणसापर्यंत वाढलं. नवरा इगतपुरीहून आला होता, तो पळीवरचं नाव दुसऱ्यांना दाखवत होता.

कोंडाजीशेठ मुद्दाम आले होते. जेवून झाल्यावर म्हणाले, "जागेचं काय करू?"

"द्या कोणाला तरी."

"रोज तंद्री लावायला काय केलंस रे?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणालो, "शेजार चांगला मिळाला."

शेठना ते शिष्टाचाराचं वाटलं असावं. त्यांनी मान डोलावली.

घड्याळ चालू केलं आहे. पाट उचलून ठेवला. तांब्या मात्र ठेवलाय, उगीच धोका नको. आता देवळालीच्या मंडळाची ताटं आली आहेत, पण कालच्या धावपळीनं अंग आंबलंय. लंका शाळेत गेली, ऊन खिडकीत आलं, तरी मी लोळत डायरीच लिहीत पडलो आहे. आजचा दिवस सुट्टी घ्यावी असा विचार

भिंतीवर पलीकडून दोन ठोके पडले.

उठतो.